मार्केटची लाइन

उधना, सुरत
१० नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर तुम्ही मला नुसतं तुमचं कपाळ दाखवता, म्हणून पत्र लिहितो. मामी म्हणते, लिहिलेलं ते दोनदा वाचतात, सांगितलेलं एकदाही ऐकत नाहीत. इतकी वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर कानांना तरी काय दोष द्यायचा.

मी नक्की कसला मास्तर झालो, असं तुम्ही दिवाळीत विचारलं होतं. हा अमेरिकेतला फुटबॉल आहे. नाव फुटबॉल, पण बहुतेक काम हातांचं. चेंडू गोल नसतो, मोठ्या खारकेसारखा दोन्ही टोकांना निमुळता. एकजण तो लांब फेकतो, दुसऱ्याने पळता पळता झेलायचा आणि शेवटच्या रेघेकडे धावत सुटायचं. तोवर समोरचे धिप्पाड गडी येऊन त्याला आडवा करतात. आमच्या शेठने टीम विकत घेतली आहे, आठ शहरांची लीग आहे, पोरांना पगार आहे. मोठे कोच अमोल सर, पुण्याचे, हा खेळ अमेरिकेत शिकून आलेले. माझ्याकडे फक्त झेलणारे. तुमचा नातू सागर त्यातलाच.

काल मॅच हरलो. चेंडू नीट येत होता, सागरच्या हाताला लागत होता आणि खाली पडत होता. असं पाच वेळा झालं. शेवटचा तर रेघेच्या अगदी तोंडाशी. तो धरला असता तर जिंकलो असतो.

आज मीटिंगमध्ये शेठने सगळ्यांसमोर विचारलं, "भूल कोनी?" मी म्हणालो, सागरची. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, त्यात लपवणार काय. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये असतं, हेही म्हणालो. पुढच्या शनिवारपर्यंत, २२ तारखेपर्यंत, निर्णय सांगा, असं शेठ म्हणाले.

माझी अडचण अशी, की माझ्या शब्दावर त्याने कपडा मार्केटमधलं पक्कं काम सोडलं. टीममधून काढला तर करार तिथेच संपतो, आणि मार्केटमध्ये सोडलेली जागा कुणी राखून ठेवत नाही. तो माझ्या घरात राहतो, नूतनच्या हातचं जेवतो. मी त्याचा कोच आणि काकाही. तुम्ही सांगाल तसं करतो.

आपला
योगराज


दोंडाईचा
१६ नोव्हेंबर

चि. योगराज,

आशीर्वाद. पत्र मिळालं, दोनदा वाचलं. तुझी मामी तीनदा वाचते, ते ती सांगत नाही.

तू मला विचारलंस, म्हणजे मनात तुला माहीतच आहे. मी पंचवीस लूमवर मास्तर होतो. कापडात फॉल्ट आला की मजुरीतला कट कारीगराचा. हा नियम मी काढला नव्हता, पण पाळला मी. आणि कारीगर नात्यातला असेल तर त्याचा कट आधी. का, तर उद्या दुसऱ्याचा कापायची वेळ आली की तो तोंड वर करून म्हणतो, तुमच्या साडूला का सोडला. मग मास्तरकी संपली.

सागर माझ्या विठ्ठलचा एकुलता मुलगा आहे, मला कळतं. पण तू त्याला वाचवलंस तर तू बुडशील आणि तोही शिकणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ असले तरी दात किडला की काढावाच लागतो. काढ त्याला. चार दिवस रुसेल, मग ताळ्यावर येईल. विठ्ठलला मी सांभाळतो.

इकडे मनीषाचं बाळ छान आहे. बारसं ३० तारखेला ठेवलंय. सागर मामा झाला, त्याला म्हणावं रिकामा झालास तर बारशाला ये.

तुझा
छगनमामा

ता. क. मी मामी. मोबाइल तर तुमच्या शेठच्याही हातात असेल. पोरगं नीट जेवतं का, तेवढं कळव.


उधना
२६ नोव्हेंबर

ती. मामा,

पडत्या फळाची आज्ञा मानली आणि शनिवारी सागरचं नाव दिलं. त्याने किट धुऊन, घडी करून परत दिलं. संध्याकाळी घरी येऊन नूतनला म्हणाला, काकू, मी कतारगामला मित्राच्या खोलीवर जातो, तिथून काम शोधायला बरं पडेल. मी अडवलं नाही. नूतन माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलली.

मामी, तो जेवत होता. आताचं मला माहीत नाही.

त्यानंतर रविवारी मॅच झाली. सागरच्या जागी दुसरा होता, आणि बाकीचे होतेच. मामा, त्यांनी मिळून नऊ झेल सोडले. सागरचे पाच परवडले म्हणायची वेळ आली.

मंगळवारी अमोल सरांनी सगळ्यांचे सुटलेले झेल पडद्यावर लावले, सागरचेसुद्धा. सर चेंडू हाताला लागायच्या क्षणी चित्र थांबवत होते. जवळपास प्रत्येक चित्रात तेच दिसत होतं. चेंडू अजून बोटांवर आहे आणि पोराची मान पुढे वळलेली. डोळे चेंडूवर नाहीतच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी सगळी पोरं झेलण्याआधीच पळायला निघालेली.

सरांनी विचारलं, ही सवय कुठून आली? बाकी कोच माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, बघतो.

कुठून आली ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तुमचं आयुष्य लूमवर गेलं, मार्केटची लाइन तुम्ही बघितली नसेल. टेम्पोतून कापडाचे ताके उतरवायचे असले की माणसं जिन्यावर रांगेने उभी राहतात. खालचा वरच्याकडे ताका फेकतो, तो त्याच्या वरच्याकडे. तिथे ताक्याकडे बघत बसला तो गेला. ताका हाताला लागायच्या आत तुमची मान पुढच्या माणसाकडे वळलेली पाहिजे, नाहीतर लाइन तुंबते आणि शिव्या बसतात. कबड्डी खेळणं सुटल्यावर मी तिथे पाच वर्षं काढली. टीममध्ये आल्यावर मला वाटलं, चपळ हातांसाठी यापेक्षा चांगला सराव कुठला. रोज सकाळी अर्धा तास पोरांना रांगेत उभं करून चेंडू पुढे सरकवायला लावत होतो. जो चेंडूकडे बघे त्याला ओरडत होतो. शेठ कापडाचे व्यापारी, त्यांना तर ही लाइन इतकी आवडली की व्हिडिओ काढून घेतला. सागर माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी होता. त्याने माझं सगळ्यात जास्त ऐकलं.

ताका मऊ असतो, अंगावर येऊन बसतो. चेंडू बसत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

शुक्रवारी, ५ तारखेला पुन्हा मीटिंग आहे. शेठ नवागामच्या दोन पोरांना काढायचं म्हणताहेत. लाइनचं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी सांगितलं तर माझी नोकरी राहील असं वाटत नाही. नाही सांगितलं तर ती दोघं जातील. काय करू ते लवकर कळवा.

आपला
योगराज


दोंडाईचा
२ डिसेंबर

चि. योगराज,

आशीर्वाद. घाई करू नकोस. मी सांगतो ते नीट वाच.

एका लूमवर फॉल्ट आला तर कारीगर. सगळ्या लूमवर तोच फॉल्ट आला तर मास्तर, हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून तर मास्तर अशा वेळी म्हणतो, सूत खराब होतं. सूत बोलत नाही. तूही म्हण, चेंडू नवे होते, गुळगुळीत होते. सोमवारपासून ती लाइन बंद कर आणि दुसरं काही शिकव. फॉल्ट थांबला की कुणी विचारत नाही कुठून आला होता. मास्तर एकदा चुकलो म्हणाला की दुसऱ्या दिवशी कारीगर त्याचं ऐकत नाही. तुझ्यामागे नूतन आहे, घराचा हप्ता आहे. नवागामच्या पोरांना दुसरं काम मिळेल, सुरत काय लहान आहे का.

आता घरचं. बारसं झालं. बाळाचं नाव मल्हार ठेवलं. सागर आला होता, पण मला त्याचं वागणं आवडलं नाही. मनीषाने बाळ त्याच्यापुढे धरलं तर महाशय हात मागे घेऊन उभे. पाहुणे बघताहेत, बहीण हात पुढे करून उभी आहे, आणि याचं आपलं नाही नाही. दोन महिने फोटोत झळकला तर भाच्याला हात लावायची लाज वाटायला लागली. मी सगळ्यांसमोर बोललो, की एवढा साहेब झाला असशील तर आला कशाला. तो जेवायला न थांबता बसला गाडीत. तू त्याला काढलास ते बरंच केलंस, नाहीतर आणखी चढला असता.

तुझा
छगनमामा

ता. क. मी मामी. माझं ऐक, ती लाज नव्हती. मी पाळण्याजवळ होते. त्याने आधी हात पुढे केले होते, मग मागे घेतले आणि पँटला पुसले. थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. तुझ्या मामांना ऐकू येत नाही, पण दिसतं तरी ना.


उधना
७ डिसेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र शुक्रवारी सकाळी मिळालं. खिशात घालून मीटिंगला गेलो. दोन तास ते खिशात होतं आणि मी सारखा वरून चाचपत होतो.

शेठने नवागामच्या पोरांची नावं घेतली तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, सूत चांगलं आहे. कुणाला काही समजलं नाही. मग सगळं सांगितलं. लाइन माझी, सवय मी लावली, चेंडूकडे बघणाऱ्याला मी ओरडलो. सागरचं मोबाइलचं जे बोललो होतो, तेही खोटं होतं, असं सांगितलं. तो मोबाइल घेऊन बसायचा ते मॅचचे व्हिडिओ बघायला.

शेठ म्हणाले, "पण तो व्हिडिओ मी सगळ्या वेपाऱ्यांना पाठवलाय." त्यांना सगळ्यात जास्त दुःख त्याचं झालं असावं. अमोल सर म्हणाले, रोज मैदानावर मी होतो, मलाही दिसायला हवं होतं. त्यांच्यामुळे मला लगेच काढलं नाही. हा सीझन संपेपर्यंत ठेवतील, पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा येईल. झेल घ्यायला आता सर स्वतः शिकवतात, मी चेंडू आणून देतो. पोरं माझ्याकडे बघून हसत नाहीत, ही त्यांची भलाई. तुम्ही म्हणता तसं, ती माझं ऐकतही नाहीत.

नवागामची दोघं राहिली. सागरचा करारही पुन्हा चालू करायला शेठ तयार झाले. नूतनला सांगितलं तर तिने बऱ्याच दिवसांनी माझ्या ताटात आपणहून दुसरी भाकरी वाढली. मला हलकं वाटलं, मामा. तुमचं ऐकलं नाही त्याबद्दल रागवा, पण हलकं वाटलं.

सागरला त्याच दिवशी मेसेज केला, "सगळं मिटलं. सोमवारी मैदानावर ये." त्याने वाचला. उत्तर दिलं नाही. बारशाला तुम्ही बोललात त्याचा राग असेल. तरुण पोरं आहेत, रुसवा धरतात. येईल.

आपला
योगराज


दोंडाईचा
१२ डिसेंबर

चि. योगराज,

हे पत्र तुझ्या मामांचं नाही, माझं आहे. अक्षर लावून घे. ते मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसलेत. तुझं पत्र वाचल्यापासून कागद घेऊन दोनदा बसले आणि दोनदा उठले. चुकलो म्हणून लिहायचं आहे, पण त्या शब्दाला त्यांना वेळ लागतो.

तू शेठला सांगितलंस. साहेबाला सांगितलंस. नूतनला सांगितलंस, आम्हाला सांगितलंस. सगळीकडे सांगून तू हलका झालास. सागरला काय सांगितलंस? सगळं मिटलं म्हणून. कुणाचं मिटलं रे बाबा?

बारशाच्या दिवशी मी त्याच्यामागे गाडीपर्यंत गेले होते. विचारलं, बाळाला का घेतलं नाहीस. तर म्हणाला, "आजी, मना हातमा काही टिकत नही." मी म्हटलं, वेडा आहेस का. तर म्हणाला, एवढ्या लोकांसमोर टाकलं असतं तर? त्याला वाटतंय त्याच्या हातातच खोड आहे. तो अजून तेच धरून बसलाय आणि तू त्याला मैदानावर बोलावतोस, तेही मोबाइलवर.

हे मी तुझ्या मामांनाही लिहून दाखवलं, ओरडून सांगण्यात अर्थ नाही म्हणून. तेव्हा ते ओट्यावर गेले.

मनीषा मला विचारते, दादा पुढच्या वेळी तरी बाळाला घेईल का. मी तिला काय सांगू ते तू ठरव. आणि मेसेज नको, पायांनी जा.

मामी


रिंग रोड, सुरत
१७ डिसेंबर

ती. मामा आणि मामी,

हे पत्र कपडा मार्केटच्या मागच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. सागर समोर बसलाय. पत्र आत्ता, त्याच्या डोळ्यांसमोर लिहायचं, अशी त्याची अट आहे. लिहून झालं की तो वाचणार, मगच पाकीट बंद होणार.

मामींचं पत्र काल मिळालं. आज सरांना सांगून इकडे आलो. मला वाटलं होतं तो जिन्यावर लाइनीत सापडेल. जिने धुंडाळले, सापडला नाही. खाली हातगाडी ढकलत होता. पूर्वीच्या मुकादमाने त्याला लाइनीत परत घेतलं होतं, पण पहिल्याच दिवशी तो आपणहून बाजूला झाला. मुकादम मला म्हणाला, याच्यासारखा माणूस लाइनीत नव्हता आणि आता म्हणतो, माझ्याकडे फेकू नका.

गाडी लावून झाल्यावर त्याला सांगितलं. तुझे हात चांगले आहेत. मान वळवायची सवय मी लावली, तू ती सगळ्यात चांगली शिकलास म्हणून तुझे झेल आधी सुटले. मीटिंगमध्ये मी तुझं नाव घेतलं ते स्वतःला वाचवायला. मोबाइलचं खोटं बोललो.

तो गाडीच्या दांड्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्ही शेठले सांगं. आबाले लिखं. माले मेसेज करा." मी म्हणालो, हो, तुला नुसता मेसेज केला. तो म्हणाला, "महिनाभर मी आंग धुताना बी हातकडे देखस, की याले काय व्हयनं." मग त्याने अट घातली, आबाला लिहा, माझ्यासमोर.

म्हणून लिहितो. मामा, सागर बाळाला हात लावायला लाजला नाही, भ्याला. ती भीती मी त्याच्या हातात घातली. तुम्ही त्याला पाहुण्यांसमोर बोललात ते माझ्या पत्रातल्या खोट्यामुळे. तुम्ही काढ म्हणालात, पण तुमच्यापुढे मी हकीकतच अर्धी ठेवली होती. लाइनचं मला कळलं तेव्हा पहिल्यांदा सागरकडे जायला हवं होतं, मी सगळ्यात शेवटी आलो. पाचही झेल माझ्यामुळे सुटले.

टीममध्ये परत यायचं की नाही ते त्याने अजून ठरवलेलं नाही. मीही विचारलं नाही. चहाचे पैसे त्याने दिले, मला देऊ दिले नाहीत.

आता तो वाचतोय. शेवटच्या ओळींपाशी थांबलाय. पेन मागतोय. पुढचं त्याच्या अक्षरात आहे.

आपला
योगराज

आबा, काकांनी लिहिलंय ते सगळं वाचलं. बरोबर आहे, फक्त पाचचा आकडा चूक आहे. मीही ते व्हिडिओ पाहिलेत. त्यातले तीन मान वळवल्यामुळे सुटले, ते काकांचे. दोन वेळा माझी मान सरळ होती आणि डोळे चेंडूवर होते, तरी सुटला. ते माझे. काकांनी तेही स्वतःवर घेतलेत, पण ते मी देणार नाही. पाचही त्यांचे झाले तर मी मैदानावर होतो कशाला?

मनीषाला सांगा, रविवारी येतो. बाळाला आधी खाली बसून घेईन.

सागर